शितावरून गोलंदाजाची परीक्षा



व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय निवडण्याची मोकळीक दिली, तेव्हा आम्ही विडी कामगारांच्या मजुरीवर बोलू अशी त्यांची समजूत असावी. आम्ही निवडला क्रिकेटचा गोलंदाज. कामगार चळवळीतल्या माणसाने हे काय काढले, असे कोणी म्हणेल. त्याचा उलगडा शेवटी होईल. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि वाचनालयात अधिक झाले, गणित तर हिशेबाच्या वह्यांवरच शिकलो. तेव्हा आज जे सांगणार आहोत ते साध्या हिशेबाच्या पलीकडचे नाही.

आपल्या गोंदियात हमालीचे पोते उतरवून आलेला तरुण आणि कॉलेजातला विद्यार्थी, दोघेही सामन्याच्या आधी मोबाईलवर आपापला कल्पनेतला संघ बांधताना दिसतात. दोन्ही संघांतून मिळून अकरा खेळाडू निवडायचे. त्यांनी मैदानात जे केले त्याचे गुण आपल्याला मिळायचे. आपण नेमलेल्या कप्तानाचे गुण दुप्पट, उपकप्तानाचे दीडपट. फलंदाज निवडताना फारसा वाद होत नाही. गोलंदाजापाशी मात्र सगळे अडतात, आणि मग कोणीतरी शहाणा म्हणतो, "मागच्या तीन सामन्यांत त्याने कसे टाकले ते बघ." हे वाक्य किती खरे आणि किती खोटे, एवढाच आजचा विषय आहे.

हा खेळ मूळचा अमेरिकेचा, आणि क्रिकेटचा नव्हे, बेसबॉलचा. १९८० साली डॅनियल ओक्रेंट नावाच्या लेखकाने न्यूयॉर्कमधल्या आपल्या मित्रांना घेऊन तो रूढ केला. बेसबॉलमध्ये सामन्याच्या आरंभापासून चेंडू फेकणारा जो माणूस असतो त्याला 'स्टार्टिंग पिचर' म्हणतात. एकदा टाकला की त्याला साधारण चार-पाच दिवस विश्रांती मिळते. म्हणून दर आठवड्याला त्याचा मागचा सामना, त्याच्या मागचा सामना, असे तपासत बसण्याचा उद्योग तिकडे मोठा आहे. आपल्याकडे हा खेळ क्रिकेटच्या रूपाने पसरला. मुंबईत २००८ साली हर्ष जैन व भावित शेठ यांनी 'ड्रीम इलेव्हन' काढली, आणि पुढे तिचे नाव खेड्यापाड्यांत पोचले.

आपल्याकडे एक म्हण आहे, शितावरून भाताची परीक्षा. आपण भाताच्या मुलखातली माणसे. ही म्हण आपल्याला कोणी शिकवायला नको. पण ती खरी का ठरते, याचा विचार आपण क्वचितच करतो. भांडे एक, पाणी एक, जाळ एक आणि भात नीट ढवळलेला, म्हणून एक शीत साऱ्या भाताची साक्ष देते. धान घेणारा व्यापारी मात्र एका पोत्यावर भाव ठरवत नाही. तो या पोत्यात, त्या पोत्यात परखी खुपसतो, वरचे-खालचे मूठमूठ धान काढतो आणि मग बोलतो. कारण पोती निरनिराळ्या बांधांतून आलेली असतात. गोलंदाजाचे सामने हे एका भांड्यातले भात नव्हेत. ती निरनिराळ्या बांधांतली पोती आहेत.

आता हिशेब करू. वीस षटकांच्या सामन्यात एका गोलंदाजाला फार तर चार षटके, म्हणजे २४ चेंडू मिळतात. समजा, एक चांगला गोलंदाज आहे आणि दीर्घकाळच्या सरासरीने तो दर वीस चेंडूंना एक बळी घेतो. मडक्यात वीस चिठ्ठ्या घाला, त्यांपैकी एक लाल. चिठ्ठी काढा, पाहा, परत टाका; असे २४ वेळा करा. लाल चिठ्ठी निघाली की बळी. असे शंभर सामने खेळवले तर सुमारे २९ सामन्यांत एकही लाल चिठ्ठी निघणार नाही. सुमारे ३७ सामन्यांत एक, २२ सामन्यांत दोन आणि १२ सामन्यांत तीन किंवा अधिक निघतील. मडके तेच, चिठ्ठ्या त्याच. तरी वर्तमानपत्रातला जाणकार एका आठवड्यात लिहील, "लय हरपली," आणि दुसऱ्या आठवड्यात लिहील, "लय गवसली."

लागोपाठ तीन सामने कोरडे जाण्याचा योग याच हिशेबाने चाळीसात एकदा येतो. आयपीएलमध्ये दहा संघ आहेत. प्रत्येकाचे पाच गोलंदाज धरले तरी पन्नास होतात. म्हणजे कोणत्याही घडीला त्यांतला एखादा निव्वळ योगायोगाने तीन सामने रिकाम्या हाताने बसलेला असायचाच. त्याचा काही गुन्हा नसतो. पण सगळे त्याला संघातून काढतात, आणि ज्याला दोन सामन्यांत सहा बळी मिळाले त्याच्यावर तुटून पडतात.

मग गोलंदाजाची परीक्षा करायचीच नाही की काय? करायची, पण चार गोष्टी पाहून करायची.

पहिली गोष्ट, कागदावरचे कोणते आकडे त्याचे स्वतःचे आणि कोणते दुसऱ्यांच्या हातचे, हे वेगळे करावे. व्होरोस मॅक्रॅकेन नावाच्या एका हौशी अभ्यासकाने २००१ साली बेसबॉलच्या जगाला धक्का दिला. त्याचे म्हणणे असे की, फलंदाजाला चकवून बाद करणे, त्याला फुकटचा तळ देणे आणि सीमेपार फटका खाणे, या तीन गोष्टी पिचरच्या स्वतःच्या. पण चेंडू मैदानात गेल्यावर तो क्षेत्ररक्षकाच्या हाती पडेल की रिकाम्या जागी, यावर पिचरची हुकमत फार थोडी. पुढे या मताला थोडी मुरड पडली, परंतु त्याचा गाभा टिकला. आपल्या खेळातही गोलंदाजाने चेंडू बॅटच्या कडेला लावावा आणि स्लिपमधल्या माणसाने झेल टाकावा, हे नेहमीचेच आहे. कागदावर त्या चेंडूचे काय राहते? शून्य, किंवा चार धावा. उलट, अगदी वाईट चेंडूवर फलंदाजाने सीमेवर झेल द्यावा, तर कागदावर बळी. म्हणून पाहायचे ते असे: त्याने फलंदाजाला किती वेळा चकवले, त्रिफळा व पायचीत किती, वाइड व नोबॉल किती, निर्धाव चेंडू किती. हे आकडे बळींइतके लहरी नसतात.

बळींचा रकाना किती फसवतो याचे उदाहरण आपल्याच महाराष्ट्राचे आहे. नाशिकचे बापू नाडकर्णी यांनी जानेवारी १९६४ मध्ये मद्रासला इंग्लंडविरुद्ध ३२ षटके टाकली. त्यांतली २७ निर्धाव, दिलेल्या धावा पाच, बळी शून्य. ओळीने २१ षटके आणि एकूण १३१ चेंडू एकही धाव निघाली नाही. फलंदाज बचावाच्या पवित्र्यात होते, हे मान्य. तरीपण ज्याची नजर फक्त शेवटच्या रकान्यावर आहे, त्याला या माणसाने काहीच केले नाही असे वाटेल. २०२४ च्या वीस षटकांच्या विश्वचषकातही हेच दिसते. सर्वांत जास्त बळी, प्रत्येकी १७, अर्शदीप सिंग आणि अफगाणिस्तानचा फझलहक फारुकी यांनी घेतले. स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला तो १५ बळींचा जसप्रीत बुमराह, कारण षटकामागे त्याने जेमतेम सव्वाचार धावा दिल्या होत्या. अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेला ३० चेंडूंत ३० धावा हव्या असताना त्याने सोळाव्या षटकात चार आणि अठराव्या षटकात दोनच धावा दिल्या. त्या दाबाखाली दुसऱ्या टोकाला जे बळी पडले, त्यांत त्याचाही वाटा होता. कागद तो वाटा लिहीत नाही.

दुसरी गोष्ट, पोते कोणत्या बांधातले ते विचारावे. उमेश यादव हा आपल्या विदर्भाचा. वडील नागपूरजवळच्या कोळसा खाणीत कामाला होते. ऑक्टोबर २०१८ मध्ये हैदराबादच्या कसोटीत त्याने वेस्ट इंडीजचे दहा बळी घेतले. त्याची पुढची कसोटी त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ऑस्ट्रेलियात पर्थला झाली. तेथे दोन्ही डावांत मिळून दोन बळी. पुढे नोव्हेंबर २०१९ मध्ये कोलकात्यात बांगलादेशाविरुद्ध आठ. दहा, दोन, आठ, माणूस एकच. मैदान, हवा, चेंडू, समोरचे फलंदाज आणि संघातले जोडीदार वेगळे. पर्थचे आकडे कोलकात्याला लावणाऱ्याने त्याला वगळले असते आणि हात चोळत बसला असता. एखाद्याचे मागचे तीन सामने पाहायचेच असतील तर हे तरी विचारा की, ते कोठे झाले आणि समोर कोण होते.

तिसरी गोष्ट, कागदाची लांबी पाहावी. विदर्भाच्या हर्ष दुबे या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाने २०२४-२५ च्या रणजी हंगामात ६९ बळी घेतले. रणजीच्या एका हंगामातला तो विक्रम ठरला, आणि त्याच हंगामात विदर्भाने तिसऱ्यांदा करंडक जिंकला. एका डावात सहा बळी घेणारे पुष्कळ निघतात. परंतु निरनिराळ्या गावांत, निरनिराळ्या खेळपट्ट्यांवर, महिनोन्‌महिने टाकून ६९ बळी जमवणे हे योगायोगाच्या आवाक्याबाहेरचे काम आहे. लांब कागद खोटे बोलत नाही असे आम्ही म्हणत नाही, पण त्याला खोटे बोलणे जड जाते.

चौथी गोष्ट शहाण्याच्या बाजूची आहे, आणि ती न सांगणे अन्यायाचे होईल. अलीकडची कामगिरी सर्वस्वी निरुपयोगी नसते. माणूस बदलतो. दुखापतीतून उठलेल्या गोलंदाजाचा वेग कमी झाला असेल. कर्णधाराने त्याची चारची दोन षटके केली असतील. पूर्वी तो शेवटची षटके टाकत असे, आता मधली टाकत असेल. या गोष्टी एका-दोन सामन्यांतही दिसतात आणि त्या टिकाऊ असतात. थोडक्यात, मागच्या तीन सामन्यांत बळी किती मिळाले हे विचारण्यापेक्षा, त्याला काम किती मिळाले, कोणते मिळाले आणि त्याचा हात पूर्वीसारखा चालतो का, हे विचारावे.

आता पैशाकडे येऊ. हा खेळ कौशल्याचा की नशिबाचा, यावर न्यायालयांत पुष्कळ खल झाला. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये आणि आपल्या मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तो कौशल्याचा ठरवला. कौशल्य त्यात आहे, हे आमच्या वरच्या बोलण्यावरूनही दिसेल. पण मडक्याचा हिशेब आठवा. कौशल्य शंभर सामन्यांत दिसते. मजुरीची नोट जाते ती एका रात्रीत. ज्याच्यापाशी शंभर रात्री हरण्याइतका पैसा आहे त्याच्या कौशल्याला उगवायला वेळ मिळतो. ज्याच्यापाशी फक्त या आठवड्याची मजुरी आहे, त्याचे कौशल्य उगवण्यापूर्वीच बियाणे संपते. शिवाय प्रत्येक पैजेतून चालकाचा हिस्सा आधी कापला जाई, तो वेगळाच. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली, मग ते कौशल्याचे असोत की नशिबाचे. आणि 'ड्रीम इलेव्हन'ने पैशाच्या स्पर्धा थांबवल्या. कायद्याने दार लावले, परंतु "मला गोलंदाज कळतो, माझे पैसे बुडणार नाहीत" ही समजूत माणसाच्या डोक्यात असते, तिला कायद्याची कडी लागत नाही. ती हिशेबानेच काढावी लागते.

आता कामगार चळवळीतल्या माणसाने हा विषय का घेतला, ते सांगतो. आमच्या विडी कामगार भगिनींना मजुरी हजार विड्यांवर मिळते. संध्याकाळी त्या विड्या घेऊन जातात, आणि तपासणारा काही विड्या वाईट म्हणून काढून टाकतो. त्याला छाट म्हणतात. छाट जेवढी मोठी तेवढी मजुरी कमी. एखाद्या दिवशी पाने ओली किंवा फाटकी मिळतात, तंबाखू चुरा असतो, घरात पोर आजारी असते. त्या दिवशीचा एक कट्टा उचलून, "बाई, तुमचा हात बिघडला," असा निकाल दिला जातो. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्यात कच्च्या मालाच्या आणि छाटीच्या तंट्यासाठी तोडगा काढणाऱ्या अधिकाऱ्याची तरतूद होती. अशा तंट्यात समोरचा कारकून एक कट्टा टेबलावर ठेवतो. आम्ही सहा महिन्यांची वही ठेवतो. आम्ही विचारतो की, पाने कोणी दिली? कशी दिली? त्या दिवशी त्याच ठिकाणी बाकीच्या बायकांची छाट किती निघाली? साऱ्यांचीच वाढली असेल तर दोष हातांचा नाही, पानांचा आहे.

गोलंदाजाला विचारायचे प्रश्न हेच आहेत, हे आपल्या ध्यानात आले असेल. मोबाईलवर तीन सामने पाहून माणसाला निकालात काढायची सवय संध्याकाळी करमणूक म्हणून लागते आणि सकाळी कामावर बरोबर येते. मुकादम मजुराला, मास्तर विद्यार्थ्याला, सासू सुनेला त्याच मापाने मोजते. खेळाच्या निमित्ताने चांगले माप हाती घेता आले तर ते घ्यावे, एवढेच आमचे सांगणे.

तेव्हा तरुण मित्रांनो, संघ अवश्य बांधा, पण पैसे न लावता बांधा. गोलंदाज निवडताना किमान एका हंगामाचा कागद पुढे ठेवा. त्यावर मैदान लिहा, समोरचा संघ लिहा, षटके लिहा, सुटलेले झेल लिहा; बळी सर्वांत शेवटी लिहा. आणि उद्या कामाच्या जागी कोणी एका दिवसाच्या मालावरून कोणाचा हात बिघडला म्हणाले, तर त्याच्यापुढे वही मागा. वही दाखवायला तो तयार नसेल, तर आमच्या संघटनेच्या कचेरीत या. आमच्याकडे वही आहे.