मुलांची डोकेदुखी : समज आणि उपाय
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या आनंदात डोकेदुखीचा विषय काढणे काहींना विसंगत वाटेल. परंतु आम्हां बालरोगतज्ज्ञांना या तक्रारीबाबत घरोघरी दोन टोके आढळतात. कोणी तिला शाळा चुकविण्याचे निमित्त समजून दुर्लक्ष करतो, तर कोणी मेंदूत गाठ असेल या धास्तीने रात्र जागून काढतो. आमचे सांगणे एवढेच, की मुलाचे दुखणे खरे माना आणि त्याचे नीट निरीक्षण करा.

वारंवार उद्भवणाऱ्या डोकेदुखीचे एक प्रमुख कारण म्हणजे अर्धशिशी. नावात ‘अर्ध’ असले, तरी मुलांत पुष्कळदा कपाळाच्या दोन्ही बाजू दुखतात. मूल मलूल होते, उलटी करते, त्याला उजेड आणि गलका नकोसा होतो. मात्र झोप होताच ते पुन्हा खेळू लागते. त्यावरून ढोंगाचा संशय घेऊ नये. झोपेने उतार पडणे हा या विकाराचा स्वभावच आहे. तो पुष्कळदा कुळातून आलेला असतो. परप्रांतात वाढणाऱ्या आपल्या मुलांच्या आज्या, आत्या, मावश्या दूर असतात. तेव्हा गावी फोन करून विचारावे, “आपल्याकडे कोणाला अर्धशिशी होती का?” त्या उत्तराचा डॉक्टरांना मोठा उपयोग होतो.

दुसरा प्रकार ताणाचा. डोक्याभोवती पट्टा आवळल्यासारखे वाटते. वडिलांच्या बदलीबरोबर मुलाची शाळा, सोबती आणि कानांवर पडणारी भाषाही बदलते; हा भार ते शब्दांत सांगू शकत नाही. डोळे अवश्य तपासावेत, पण केवळ चष्म्याने प्रश्न सुटेल अशी आशा बाळगू नये.

डोके दुखू लागताच मुलाला अंधाऱ्या, शांत खोलीत निजवावे, पाणी द्यावे. वजनाच्या हिशेबाने डॉक्टरांनी ठरवून दिलेली पॅरासिटॅमॉलची मात्रा आरंभीच द्यावी. उशीर झाल्यास गुण कमी येतो. ॲस्पिरिन मात्र मुलांना स्वतःहून कधीही देऊ नये. त्यातून यकृत व मेंदूवर आघात करणारा, क्वचित होणारा पण गंभीर विकार उद्भवू शकतो. वेदनाशामक औषध आठवड्यातून दोन-तीन दिवसांहून अधिक लागत असेल, तर ते औषधच नव्या डोकेदुखीचे कारण होऊ शकते.

औषधाहून दिनचर्या थोर. उपाशीपोटी शाळेत पाठवू नये. सहा ते बारा वर्षांच्या मुलास ९ ते १२ तास झोप हवी. लू वाहत असताना भर दुपारचे खेळ टाळावेत, रात्री मोबाईल दूर ठेवावा. एका वहीत तारीख, वेळ, आदल्या रात्रीची झोप, जेवण आणि उतार कशाने पडला हे टिपावे. महिन्याभरात ती वही बरेच काही सांगू लागते.

काही लक्षणे दिसताच मात्र वही बाजूला ठेवून तत्काळ डॉक्टरांकडे जावे : दुखण्याने पहाटे जाग येणे आणि उलट्या होणे, चालताना तोल जाणे, नजर तिरळी होणे, तापासह मान ताठरणे, झटका येणे, डोक्याला मार लागल्यानंतर दुखणे, अथवा दिवसेंदिवस वाढत जाणारी वेदना.

घरात ज्याचे ऐकून घेतले जाते, ते मूल आपले दुखणे वेळीच सांगते. निदानाचा आरंभ तेथूनच होतो.