उभ्यानें वल्हविण्याची विद्या

पोहावयास, सायकल चालवावयास किंवा झाडावर चढावयास माणूस ज्या वयांत शिकतो, त्या वयांत पडण्याची लाज त्याला ठाऊक नसते. चाळिशी ओलांडलेला गृहस्थ एखादी नवी शारीरिक विद्या शिकावयास निघाला म्हणजे मात्र गुडघ्यांच्या आधीं त्याची प्रतिष्ठा कुरकुरूं लागते. आजच्या भाषणाचा विषय असलेली पॅडलबोर्डची विद्या तर अशी आहे, कीं तींत पहिल्याच दिवशीं, आणि तेंहि चारचौघांच्या देखत, पाण्यांत पडावेंच लागतें.

पॅडलबोर्ड म्हणजे १० ते ११ फूट लांब, ३२ इंचांच्या आसपास रुंद आणि ५-६ इंच जाड अशी एक तरंगती फळी. तिच्या मध्यभागीं उभें राहावयाचें आणि एका लांब वल्ह्यानें पाणी मागें लोटीत पुढें जावयाचें, एवढाच हा खेळ. नवशिक्याच्या वांट्यास हल्लीं येते ती फळी बहुधा हवेनें फुगविलेली असते. तिचें वरचें व खालचें कापड आंतून असंख्य धाग्यांनीं एकमेकांशीं जखडलेलें असल्यामुळें ती पिशवीसारखी गोल न होतां पाटासारखी सपाट आणि टणक राहते. फुग्यावर माणसानें उभें कसें राहावें, ही पहिल्या दिवसाची शंका फळीवर मुठीनें दोन ठोके दिले कीं मिटते.

उभ्यानें नाव चालविणें ही कांहीं नवी कल्पना नव्हे. व्हेनिसच्या कालव्यांत गोंडोला हांकणारा नावाडी उभाच असतो, आणि कोंकणच्या खाड्यांत होडीच्या टोंकावर उभा राहून बांबूनें तळ रेटीत जाणारा माणूस कोणीहि पाहिलेला असेल. परंतु ज्या रूपांत हा खेळ आज जगभर पसरला आहे, त्याचें माहेर हवाई बेटांत आहे. होनोलुलू शहराच्या वाइकीकी किनाऱ्यावर प्रवाशांना लाटांवर स्वार होण्यास शिकविणारे कांहीं तरबेज लोक विसाव्या शतकाच्या मध्यास मोठ्या फळीवर उभे राहून होडीचें वल्हें चालवीत असत. उभें राहिल्यानें येणारी लाट दुरून दिसे, शिष्यांवर नजर ठेवतां येई आणि गळ्यांत अडकविलेल्या कॅमेऱ्यानें त्यांचीं छायाचित्रेंहि घेतां येत. पुढें हा प्रकार मागें पडला. १९९० नंतरच्या काळांत लेर्ड हॅमिल्टन व डेव्ह कलामा या हवाईंतील लाटास्वारांनीं त्याला पुन्हां वर काढलें आणि २००० नंतर तो तळीं, नद्या व खाड्या यांच्यावरहि जाऊन पोंचला. लाटेची गरज उरली नाहीं, तेव्हांच प्रौढ नवशिक्याला या खेळाचा दरवाजा उघडला.

अशा नवशिक्याला शोभणारें पाणी म्हणजे कर्लीच्या खाडीचें. मालवणच्या दक्षिणेस, तारकर्लीच्या पुढें देवबाग गांव आहे. त्याच्या एका अंगास अरबी समुद्र आणि दुसऱ्या अंगास कर्ली नदी, आणि मध्यें माडांनीं भरलेली जमिनीची अरुंद पट्टी. समुद्राच्या अंगास लाटा फुटत असतांना नदीच्या अंगास, संगमापासून दूर, पाणी परातींत ठेवल्यासारखें निवांत असतें. तेथें फळी मांडीभर पाण्यांत न्यावी. त्याहून उथळ पाणी नको. कारण फळीच्या बुडाशीं दिशा धरण्यासाठीं एक पर बसविलेला असतो. तो वाळूंत रुतला कीं फळी जागच्या जागीं थांबते, आणि तिच्यावरचा माणूस मात्र थांबत नाहीं.

प्रथम गुडघ्यांवर बसून दहा-वीस वल्हीं मारावीं. फळीच्या मध्यावर उचलण्याची मूठ असते, तिच्या दोन्ही बाजूंस गुडघे असावे. मग जेथें गुडघे होते तेथेंच एकामागून एक पावलें ठेवून उठावें. पावलें खांद्यांइतकीं फांकलेलीं, बोटें पुढें. येथवर सर्व सोपें असतें. पुढें प्रौढ माणूस हटकून दोन गोष्टी करितो: कवाइतींतल्या 'सावधान'सारखे पाय ताठ करितो आणि खालीं पायांकडे पाहतो. ताठ पायांतून फळीची प्रत्येक हालचाल थेट कमरेपर्यंत चढते. गुडघे किंचित् वांकविलेले असले तर ती तेथेंच जिरते. खालीं पाहणाऱ्याच्या डोळ्यांपुढें हलतें पाणी असतें. समोरच्या तीरावरच्या माडाकडे पाहणाऱ्याला स्थिर खूण मिळते आणि त्याचा तोल आपोआप सांवरला जातो. तिसरी खोड वल्ह्याची. घाबरलेला मनुष्य तें छत्रीसारखें हवेंत उचलून धरतो, आणि नेमका त्याच क्षणीं पडतो. पाण्यांत टेकलेलें वल्हें हा तिसरा पाय आहे. शिवाय सायकलीप्रमाणें चालती फळी उभ्या फळीपेक्षां स्थिर असते. भीति वाटली कीं थांबावें असें मन सांगतें, आणि येथें तर वल्हवीत राहिल्यानेंच भीति कमी होते.

वल्हें आपल्या उंचीहून आठ-दहा इंच लांब असावें. त्याचें पातें दांड्याशीं थोडा कोन करून बसविलेलें असतें, आणि तो कोन फळीच्या शेंड्याकडे झुकलेला असावा. बहुतेक नवशिके तें उलटें धरतात, कारण पळीसारखें पाणी ओढावयाचें असें हाताला वाटतें. वस्तुतः हात पुढें लांबवून पातें पूर्ण बुडवावयाचें, घोट्यापर्यंत आणावयाचें आणि बाहेर काढावयाचें.

आतां पडण्याविषयीं. पडणार असें दिसतांच फळीला कवटाळण्याचा यत्न करूं नये; फळीपासून दूर, बाजूच्या पाण्यांत, पाठीच्या किंवा बैठकीच्या अंगानें पडावें, डोकें पुढें करून कधींहि नाहीं. मग परत चढणें. मधली मूठ धरून पाय मागें हलवीत शरीर पाण्यावर आडवें करावें आणि पोटावर सरकत वर यावें. जो पाय खालीं लोंबते ठेवून केवळ हातांच्या जोरावर वर येऊं पाहतो, तो दोन प्रयत्नांत थकतो. उभें राहतां येणें ही या विद्येंतील खरी परीक्षा नव्हेच. खोल पाण्यांतून कोणाच्याहि मदतीवांचून फळीवर परत येतां येणें ही परीक्षा आहे, आणि ती उत्तीर्ण होईपर्यंत कोणीहि तीर सोडूं नये. अंगावर लाइफ जॅकेट असावें आणि पोहतां येत नसेल तर तसें शिकविणाऱ्यास आधीं सांगावें. या एका गोष्टीची चोरी प्रौढ माणसें फार करितात.

शाळेच्या भूगोलांत प्रत्येकानें मतलई वारे आणि खारे वारे पाठ केलेले असतात. रात्रीं जमीन समुद्रापेक्षां लवकर निवते आणि वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहूं लागतो. तोच मतलई वारा सकाळींहि कांहीं वेळ टिकतो. म्हणूनच सकाळचा समुद्र तुळतुळीत दिसतो, आणि म्हणूनच तो फसवितो. माडांच्या आडोशास वाऱ्याची झुळूकहि लागत नाहीं. शंभर-दोनशें हात पुढें गेल्यावर उभा मनुष्य स्वतःच शीड बनतो आणि तीर दूर जाऊं लागतो. अशा वेळीं उभें राहण्याचा हट्ट सोडून गुडघ्यांवर यावें, किंवा वल्हें छातीखालीं घेऊन पालथें पडून हातांनीं पाणी मारावें. फळी सोडून पोहत निघूं नये. ती तरंगते आणि दुरून दिसते. खाडींत वाऱ्याच्या जोडीला ओहोटी असते. भरतीनंतर सुमारें सहा तास पाणी समुद्राकडे धांवतें, अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणांत जोरानें, अष्टमीच्या भांगांत मंदपणें, आणि देवबागच्या संगमाशीं तें कोणाचीहि वाट पाहत नाहीं. जातांना वाऱ्याच्या व प्रवाहाच्या विरुद्ध जावें, म्हणजे थकल्यावर तेच घरीं आणून सोडतात.

या गोष्टी किती जिवावरच्या आहेत, तें वेल्समधील एका घटनेवरून दिसून येईल. ३० ऑक्टोबर २०२१ रोजीं पेंब्रोकशायर परगण्यांतील हॅवरफर्डवेस्ट येथें नदीवर ९ जणांची एक तुकडी पॅडलबोर्डच्या सहलीस निघाली. पावसानें नदी फुगली होती आणि वाटेंत बंधारा होता. त्या बंधाऱ्यावरून खालीं ओढले जाऊन ४ माणसें मरण पावलीं. त्यांतील एकजण तुकडीचा सहशिक्षक होता. तो सुखरूप बाहेर पडला होता, पण इतरांना वांचविण्यासाठीं पुन्हां पाण्यांत शिरला. सरकारी चौकशींत असें आढळलें, कीं मंडळींना बंधाऱ्याच्या धोक्याची नीट कल्पना दिलेली नव्हती आणि त्यांच्या पायांस बांधलेल्या दोऱ्या अशा पाण्याला योग्य नव्हत्या. सहल नेणाऱ्या व्यक्तीला २०२५ मध्यें साडेदहा वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली.

त्या दोरीचा प्रकार समजून घेण्याजोगा आहे. समुद्रावर किंवा स्थिर पाण्यावर दोरी घोट्यास बांधतात, म्हणजे पडल्यावर फळी वाऱ्यानें निघून जात नाहीं. वाहत्या नदींत तीच दोरी खडकांत किंवा फांदींत अडकली तर माणसाला पाण्याखालीं जखडून ठेवते, आणि प्रवाहाच्या जोरापुढें हात घोट्यापर्यंत पोंचूं शकत नाहीं. म्हणून नदीवर ती कमरेस, एका ओढीसरशीं सुटेल अशा पट्ट्यानें बांधावयाची असते. बंधाऱ्याच्या पायथ्याशीं तर कोसळणारें पाणी उलटें फिरून वस्तूला पुन्हां बंधाऱ्याकडेच ओढतें. कृष्णा-पंचगंगेच्या कांठीं कोल्हापुरी बंधारे पाहिलेल्यांस हें सांगावयास नको.

तेव्हां फळीवर पाऊल ठेवण्यापूर्वीं वारा कोणीकडचा, ओहोटी केव्हां लागते, पुढें काय आहे, दोरी कोणती, हे प्रश्न शिकविणाऱ्यास खुशाल विचारावेत. तो तरुण असेल आणि विचारणारा त्याच्या बापाच्या वयाचा असेल, तरी विचारावेत. उत्तर देतांना जो हंसून टाळील त्याची फळी घेऊं नये. पावसाळ्यांत तर प्रश्नच नाहीं: १ जून ते ३१ जुलै महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीसहि बंदी असते.

दुसऱ्या दिवशीं दंड दुखतील अशी शिकणाऱ्याची अपेक्षा असते. दुखतात ते तळपाय. तोल जाऊं नये म्हणून बोटांनीं फळीला नकळत घट्ट पकडून ठेवल्याचा तो परिणाम. तिसऱ्या-चौथ्या खेपेस बोटें सैल होतात, आणि मग दुखणेंहि जातें.