शाळेचे दार बाहेर उघडावे



शाळेचे दार म्हटले की मूल आत कसे येईल ह्याचाच विचार मनात येतो. पटनोंदणी, प्रवेशोत्सव, उपस्थिती ही सारी त्या विचाराचीच अंगे होत. तथापि दाराचे आणखी एक कार्य आहे. संकटसमयी वर्गातील सर्व मुलांना अल्पावधीत सुखरूप बाहेर जाऊ देणे, हे ते कार्य होय. त्यात दार उणे पडले तर काय होते, ह्याचे दाखले इतिहासात आहेत.

इंग्लंडमधील संडरलँड गावी व्हिक्टोरिया हॉल नावाचे सभागृह होते. तेथे १६ जून १८८३ रोजी मुलांसाठी जादूचे खेळ झाले. खेळ संपताना खाली बक्षिसे वाटली जाऊ लागली. वरच्या सज्जातील मुले, आपल्या वाट्याला काही येते की नाही ह्या धास्तीने, जिन्यावरून धावत सुटली. जिन्याच्या तळाचे दार आतल्या बाजूस उघडणारे होते. शिवाय एका वेळी एकच मूल जाईल एवढी फट ठेवून ते अडसराने पक्के केलेले होते. पुढची मुले तेथे अडकली. मागच्यांना पुढचे काही दिसत नव्हते. ती उतरतच राहिली. १८३ मुले प्राणास मुकली. तेथे आग लागली नव्हती की भिंत कोसळली नव्हती.

अशा वेळी ‘मुले घाबरली, चेंगराचेंगरी झाली’ असे म्हणून दोष मुलांच्या माथी मारण्याची रीत आहे. वस्तुतः आत उघडणाऱ्या दारास आपली फळी मागे घेण्यापुरती मोकळी जागा लागते. गर्दी नेमकी तीच जागा व्यापते आणि आपल्याच भाराने दार बंद करून ठेवते. पुढच्या मुलाने मागे सरावे म्हटले तरी त्याला मागे वाव नसतो. दार बाहेर उघडणारे असेल तर तोच भार ते उघडण्याच्या कामी येतो. हे ध्यानी घेऊन रॉबर्ट ब्रिग्ज ह्यांनी १८९२ मध्ये आडव्या दांड्यावर अंगाचा भार पडताच उघडणाऱ्या कडीचे पेटंट घेतले. मोठ्या सभागृहांच्या दारांवर तसे दांडे आजही दिसतात.

आपल्या देशातील दाखलेही तितकेच दुःखद आहेत. हरियाणातील डबवाली येथे २३ डिसेंबर १९९५ रोजी एका शाळेच्या समारंभाच्या मंडपास आग लागली. बाहेर पडण्याची वाट अपुरी ठरली आणि चारशेहून अधिक माणसे दगावली. त्यांत बालके पुष्कळ होती. तमिळनाडूतील कुंभकोणम येथे १६ जुलै २००४ रोजी शाळेच्या स्वयंपाकघरातील आग वर्गांच्या झावळ्यांच्या छपरास लागली. जिना अरुंद होता. ९४ मुले मृत्युमुखी पडली. त्यानंतर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळांच्या सुरक्षिततेविषयी निर्देश दिले. आग विझविण्याची साधने आणि शिक्षकांचे प्रशिक्षण ह्यांचा त्यांत समावेश आहे.

राष्ट्रीय इमारत संहितेतील ह्याविषयीचे नियम सोपे आहेत. बाहेर पडण्याचे दार किमान एक मीटर रुंद असावे. ते बाहेर उघडावे, परंतु उघडलेल्या फळीने जाण्यायेण्याची वाट अडू नये. ते आतून किल्लीवाचून उघडता यावे. दाराबाहेर पाय टाकताच पायऱ्या लागू नयेत. आधी सपाट जागा असावी.

खेड्यातील शाळेत हे कसे साधावे? बिजागऱ्या बदलून फळी बाहेर उघडणारी करणे हे गावच्या सुताराचे काम आहे. व्हरांडा अरुंद असल्यास फळी पूर्ण फिरून भिंतीस टेकेल अशी बसवावी आणि शाळा भरलेली असताना आकड्याने अडकवून ठेवावी. खोलीस दोन दारे असतील तर दुसऱ्यापुढे कपाट, बाके वा पोषण आहाराची पोती ठेवू नयेत. नवी खोली बांधताना दोन्ही दारे एकाच कोपऱ्यात येऊ देऊ नयेत. एकाच आगीने दोन्ही वाटा बंद होतात. मुलांच्या चपला उंबरठ्याशी साचू न देता बाजूस रांगेने ठेवाव्यात. शाळेच्या वेळात फाटकास कुलूप नसावे. मुले रस्त्यावर जातील अशी भीती असल्यास हाताने काढता येईल अशी कडी लावावी. स्नेहसंमेलनाच्या मंडपास समोरासमोर दोन रुंद वाटा ठेवाव्यात आणि त्यांवर तणाव्याचे दोर वा खुर्च्या येऊ देऊ नयेत.

दार सुधारल्यावर मुलांस त्याची सवय लावावी. महिन्यातून एकदा घंटेचा ठरलेला इशारा द्यावा. दप्तरे जागीच सोडून, दाराजवळच्या रांगेपासून आरंभ करून, मुलांनी मैदानातील नेमल्या जागी जावे. शिक्षकाने शेवटी निघावे, हजेरीपत्रक बरोबर घ्यावे आणि मैदानात नावे पुकारावीत. किती वेळ लागला आणि कोठे खोळंबा झाला, हे वहीत टिपावे. पुढील महिन्यात तोच खोळंबा पुन्हा दिसला, तर ती जागा दुरुस्त करणे आवश्यक आहे असे समजावे.

ह्या कामास मोठा खर्च नाही. निकड मात्र मोठी आहे. शाळा व्यवस्थापन समितीच्या येत्या सभेपूर्वी प्रत्येक मुख्याध्यापकाने वर्गात पहिलीतील एका मुलास आतून दार उघडावयास सांगावे. ते त्या लहान हातांस उघडले नाही, तर सभेपुढील पहिला विषय तोच असावा.