आपला माईक कुणाच्या नावावर नाही

आम्ही खडकवासल्याच्या बचत गटांमधल्या ताया बोलतो आहोत.

निवडणूक जवळ आली की गटाच्या बैठकीला पाहुणे वाढतात. हळदीकुंकू होतं, देवदर्शनाची गाडी ठरते. आणि कुणीतरी हळूच म्हणतं, “ताई, रेडिओवर बोलता ना? आमच्या दादांचं नुसतं नाव घ्या.” आम्ही नाही म्हणतो. का, ते आज सांगतो.

सामुदायिक रेडिओ केंद्राला केंद्र सरकारची परवानगी लागते. 2006 पासून ती स्वयंसेवी संस्थांनाही मिळू लागली. म्हसवडचं माणदेशी तरंग त्यानंतरचंच. पण अटी आहेत. राजकीय कार्यक्रम करायचा नाही. स्वतःच्या बातम्या द्यायच्या नाहीत. प्रत्येक कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग तीन महिने जपून ठेवायचं. अट मोडली तर परवानगी जाऊ शकते. म्हणजे एका दादांच्या नावापायी सगळ्यांचा माईक बंद.

मग पक्षांनी बोलायचं कुठे? आकाशवाणीवर. आणीबाणीत आकाशवाणी सरकारच्याच मुठीत होती. किशोरकुमारांची गाणीसुद्धा बंद केली होती. त्यानंतर 1977 पासून निवडणुकीत पक्षांना आकाशवाणीवर वेळ मिळू लागला. 2003 मध्ये त्याला कायद्याचा आधार आला. मान्यताप्राप्त पक्षांना ठरावीक वेळ सारखा मिळतो. वरचा वेळ मागच्या निवडणुकीतल्या मतांवर ठरतो. भाषण आधी लिहून द्यावं लागतं. त्यात कुणावर नाव घेऊन टीका करता येत नाही.

यात एक खोट आहे. आपल्यातली एखादी अपक्ष उभी राहिली, तर तिला यातलं एक मिनिटही नाही. ज्याची मतं जास्त, त्याला वेळ जास्त. आपल्या गटात असं चालेल का? आपण तर कमी बचत असलेल्या बाईलाही बोलायची पाळी देतो.

आपल्या केंद्रावरची बंदीही दोन्ही बाजूंनी पाहायला हवी. छोटं केंद्र एखाद्या पुढाऱ्याच्या हाती जाऊ नये, हे बरोबरच. पण 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे. बातम्यांवरच्या बंदीविरुद्ध 2013 मध्ये त्याच न्यायालयात याचिकाही झाली. आपलं गाव 2021 साली महापालिकेत गेलं, ग्रामसभा संपली. मग बायांनी चारचौघांत विचारायचं कुठे? धरण उशाला नि कोरड घशाला, हेही बोलायचं नाही का?

बोलायचं. फक्त कसं, ते समजून घ्या. “अमक्याने पाणी पळवलं, त्याला मत देऊ नका,” हे राजकारण झालं. “आमच्या गल्लीत पाणी किती वाजता येणार? तक्रार कुठे नोंदवायची?” ही माहिती झाली. पाणी, वीज, पूर, साथीचे आजार यांबद्दल स्थानिक प्रशासनाने दिलेल्या सूचना आपल्याला लावता येतात. धरणातून पाणी सोडणार असतील तर ती सूचना नदीकाठच्या बाईच्या कानावर वेळेत पडायलाच हवी.

तेव्हा पुढच्या बैठकीत दोन कामं करा. प्रत्येकीने एक प्रश्न सांगायचा, नाव कुणाचंही न घेता. सचिव ताईंनी तो वहीत लिहायचा. आणि निवडणुकीत आकाशवाणीवरची पक्षांची भाषणं एकत्र बसून ऐका. एकाचं नाही, सगळ्यांची. आपल्या प्रश्नावर कोण काय बोललं, तेही वहीत टिपा.

मत कुणाला द्यायचं, ते जिचं तिने ठरवावं.