पुढचा जन्म नाही



अध्यक्षाने कुणाला लागेल असे बोलू नये, असा आपल्याकडे रिवाज आहे. तो मी आज पाळणार नाही. मी नास्तिक आहे. 'माझा विरोध देवाला नाही, फक्त अंधश्रद्धेला आहे' असे म्हणून मी इथून खाली उतरणार नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकरांची भूमिका हीच होती. त्यांची चळवळ देव-धर्म मानणाऱ्यांनाही सोबत घेऊन चालली. तरी 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते वर्षानुवर्षे झगडले, त्याचा अध्यादेश त्यांच्या खुनानंतर चार दिवसांत निघाला. सौम्य बोलणाऱ्यालाही मारतात, हे आपण पाहिले आहे. तेव्हा मी अर्धे बोलणार नाही. गाडगेबाबा आणि तुकडोजी महाराज आपल्या विदर्भाचे. दोघांबद्दल मला आदर आहे, पण त्यांच्या आडूनही बोलणार नाही.

हे यवतमाळ जिल्ह्यातल्या या राजूर गावातच बोलायचे, याला कारण आहे.

जानेवारी 2019 मध्ये यवतमाळला 92वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. उद्घाटनाला नयनतारा सहगल यांना बोलावले होते. धमक्या आल्या आणि आयोजकांनी निमंत्रण मागे घेतले. एका म्हाताऱ्या लेखिकेच्या भाषणाला मराठी साहित्याचा मांडव घाबरला. ही लाज आम्हा लिहिणाऱ्यांची आहे, ती अजून धुतली गेलेली नाही. मग उद्घाटनाला उभी राहिली याच राजूरची वैशालीताई येडे. अंगणवाडीत काम करणारी, शेतकरी नवऱ्याच्या आत्महत्येनंतर मुलांना घेऊन उभी राहिलेली बाई. तिने त्या मंचावरून सांगितले की, तिच्या नवऱ्याचा पुनर्जन्मावर विश्वास होता, पुढच्या जन्मी धनवानाच्या घरी जन्मू असे त्याला वाटले, म्हणून तो गेला. आपला मात्र पुनर्जन्मावर विश्वास नाही, आपल्याला याच जन्मात लढायचे आहे.

मित्रहो, मराठीत धर्मचिकित्सेचे पुष्कळ ग्रंथ आहेत. त्यातले काही मी वाचले आहेत. पण पुनर्जन्माच्या कल्पनेवर इतका थेट घाव मी दुसरीकडे पाहिला नाही. टाळ्या पडल्या, डोळे पुसले गेले, वर्तमानपत्रांत फोटो छापून आले. तिने जे म्हटले, त्यावर मात्र कोणत्या धर्मपीठाने, कोणत्या कीर्तनकाराने, कोणत्या साहित्यिकाने वाद घातला? तिचे दुःख सगळ्यांनी उचलले आणि तिचा विचार मांडवातच सोडून दिला.

पुनर्जन्म आणि कर्मफळ ही कल्पना निरुपद्रवी आहे, असे मला कुणी सांगू नये. मरू पाहणाऱ्याला ती म्हणते, जा, पुढे बरे आहे. मागे राहिलेल्यांना म्हणते, त्याचा भोग होता. 19 मार्च 1986 रोजी याच जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी बायको आणि चार लेकरांसह जीव दिला. त्या घटनेमागे विजेचे बिल होते, कर्ज होते. यातले काहीही पूर्वजन्मात घडलेले नव्हते. ज्यांनी धोरणे आखली, ती माणसे जिवंत होती, त्यांना नावे होती. 'भोग' म्हटले की ती नावे पुसली जातात. म्हणूनच सावकाराला, व्यापाऱ्याला आणि सरकारला धार्मिक शेतकरी आवडतो.

खरे कारण कसे शोधायचे ते दिसावे, म्हणून आता बोंडअळीचे बोलतो. ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळते.

बीटी कापूस 2002 साली आला. मातीतल्या एका जिवाणूचा जनुक बियाण्यात घातला, त्यामुळे अळीला मारणारे विष पऱ्हाटीच्या अंगातच तयार होऊ लागले. अळ्या मेल्या. पण लाखोंमध्ये एखादी अशी असते, जिला ते विष बाधत नाही. बाकीच्या मरतात, ती उरते. तिची पिल्ले उरतात. काही वर्षांत शेतभर तिचाच वंश. बियाण्यासोबत नॉन-बीटीचे छोटे पाकीट मिळायचे, ते यासाठीच होते. त्या ओळींवर साध्या अळ्या जगाव्यात, त्यांचे पतंग विष पचवणाऱ्या पतंगांशी मिसळावेत आणि तो वंश लवकर वाढू नये. हे किती जणांना बांधावर येऊन समजावले गेले? 2017 मध्ये विदर्भात बोंडे फोडली, तर आत गुलाबी अळी बसलेली. त्याच हंगामात या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या आसपास शेतकरी आणि मजूर मेले.

आणि जानेवारी 2018 मध्ये केंद्रातले शिक्षण राज्यमंत्री सत्यपाल सिंह औरंगाबादला वैदिक संमेलनाच्या निमित्ताने आले आणि म्हणाले, डार्विनचा सिद्धांत चूक आहे, माकडाचा माणूस झालेला कुणी पाहिला नाही, हे अभ्यासक्रमातून काढले पाहिजे. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींना निवेदन काढून त्यांना उत्तर द्यावे लागले. पण खरे उत्तर आमच्या शिवारात होते. उत्क्रांती कुणी पाहिली नाही? यवतमाळच्या शेतकऱ्याने पाहिली आहे, तिच्यापायी वर्षाचे पीक घालवून पाहिली आहे! 2023 मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गेला. हा केवळ वैज्ञानिकांचा अपमान आहे, असे समजू नका. ज्या पोराला उद्या बियाणे निवडायचे आहे, त्याच्या हातातले हत्यार काढून घेतले आहे.

त्याच्या बदल्यात काय देतात? गोव्याच्या कृषी खात्याने 2018 मध्ये पीक वाढावे म्हणून शेतात मंत्र म्हणण्याचा प्रयोग उचलून धरला. आपल्या बुलढाण्यात भेंडवळला अक्षय तृतीयेला घट मांडतात. मधे पाण्याची घागर, वर पापड-कुरडया, भोवती धान्ये, आणि पहाटे दाणा कुठे सरकला ते बघून पावसाचे, पिकाचे, राजाच्या गादीचे भाकीत. गावाने परंपरा म्हणून ते करावे, माझी हरकत नाही. माझे भांडण आहे ते दरवर्षी हवामानाची बातमी द्यावी तसे हे सांगणाऱ्या वाहिन्यांशी. मागची भाकिते आणि पडलेला पाऊस शेजारी-शेजारी ठेवून ते कधी दाखवतात का?

तपासायचे कसे, हे जयंत नारळीकरांनी दाखवून दिले आहे. दाभोलकर त्यांच्यासोबत होते. हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका एकत्र करून त्यांनी 27 ज्योतिषांना प्रत्येकी 40 दिल्या आणि कुठली पत्रिका कोणत्या मुलाची ते ओळखायला सांगितले. बरोबर उत्तरे 46 टक्के. नाणे उडवले असते तर पन्नासच्या आसपास आली असती. एवढे झाल्यावरही पत्रिका पाहून पोरींची लग्ने मोडतात, याला मी श्रद्धा म्हणत नाही, क्रौर्य म्हणतो.

मला सांगतात, गरिबाचा आधार काढून घेऊ नका. भजनात शेजारी बसलेला माणूस आधार देतो, हे मी मानतो. तो माणूसच आहे. पण त्याच शेजारधर्मातून विधवेच्या बांगड्या फुटतात, हळदी-कुंकवाला तिला कुणी बोलावत नाही. कर्ज नवऱ्याच्या नावावर आणि अपशकुन तिच्या कपाळावर! कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुठल्याही शंकराचार्यांची परवानगी न घेता, ग्रामसभेत हात वर करून.

माझी मागणी तीच आहे. ज्या गावातून वैशालीताई बोलायला गेली, त्या राजूरच्या ग्रामसभेतही हा विषय घ्या, आणि इथल्या शाळेत बोंडअळीवरून उत्क्रांती शिकवा. ज्यांना हे धर्मद्रोही वाटते, त्यांनी मागे बसून कुजबुजू नये. माझे बोलणे झाले आहे, माइक मोकळा आहे, वर या.