पोरांना जमीन मोजायला शिकवा
(तालुका मेळाव्यातले भाषण, आठवले तसे लिहून काढले आहे)



मागच्या पावसाआधी आमच्या पाड्यावर प्लॉटाचा पंचनामा झाला. कागदावर १३ गुंठे लिहिले, काकाने अंगठा दिला. घरात ५ वीतला पोरगा होता. "लांबी गुणिले रुंदी" तो घडाघडा म्हणतो. पण हे आपल्या शेतालाही लागू होते, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. मग आम्ही ३३ फुटांचा दोर घेतला. ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद म्हणजे १ गुंठा. असे ४० गुंठे म्हणजे एकर. बांधावर दोर टाकत गेलो. लांबी १० दोर, रुंदी ३ दोर. पोरगाच ओरडला, तीस! मग १७ गुंठे गेले कुठे? अर्ज दिला आहे, अजून उत्तर नाही.

आता कोणी म्हणेल, मास्तरच बरोबर नाही. मीही आधी तसेच म्हणायचो. पण मास्तरला वरून काय येते? परिपत्रक येते, जनगणना येते, मतदार यादी येते, पूर्वी तर नसबंदीच्या केसेस आणा म्हणूनही हुकूम यायचा. नवे पुस्तक, नवी माहिती येत नाही. डी.एड.ला जे शिकला त्यावरच तो म्हातारा होतो. त्यात त्याला आपली वारली बोली येत नाही, आणि पहिलीच्या पोराला त्याची मराठी कळत नाही. घटनेच्या ३५० अ कलमात लिहिले आहे की अल्पसंख्य भाषेच्या पोरांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय करावी. लिहिलेले आहे, एवढेच.

मध्य प्रदेशात तेव्हाचा होशंगाबाद जिल्हा, नर्मदेच्या काठाला. तिथे गोंड, कोरकू आपलेच भाऊ राहतात. १९७२ साली तिथल्या १६ सरकारी शाळांत ६ वी ते ८ वीचे विज्ञान बदलले. पाठांतर बंद. पोरे शेतात, ओढ्यावर जाऊन पाहायची, प्रयोग करून लिहायची. परीक्षेत पुस्तक उघडून बसायची मुभा! दिल्ली विद्यापीठाचे आणि मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूटचे शास्त्रज्ञ तिथे येऊन खेड्यातल्या मास्तरांबरोबर बसले. मास्तरांची दर महिन्याला बैठक व्हायची. कुठला धडा चालला नाही ते मास्तर सांगायचे, आणि त्यावरून पुस्तक सुधारायचे. १९७८ पासून हे सगळ्या जिल्ह्यात चालू झाले, २००२ साली सरकारने बंद केले. आपल्या मुंबईचे शास्त्रज्ञ तिथवर गेले, मग आपल्याकडे का नाही?

म्हणून मागणी अशी की महिन्यातून एक दिवस मास्तरांना शिकण्यासाठी द्या.  त्यात पाड्यावरचे दोघे जण बसतील. झाडपाला, बी-बियाणे, जमीन यातले आपल्याला जे कळते ते आपण सांगू.

ठराव संध्याकाळी वाचू. तोवर दोर मी आणला आहे. जेवणानंतर पोरांना घेऊन समोरच्या माळावर या, बायांनी पण यायचे.