आकारणीचा कागद नागरिकाच्या हातात



 करवसुलीतील डिजिटल तंत्रज्ञान हा या संमेलनाच्या चर्चेचा विषय. आयकर आणि जीएसटी यांवर येथे जाणकार बोलतीलच. मी मालमत्ता कराविषयी, म्हणजे आपल्या घरपट्टीविषयी बोलणार आहे. जकात गेली. स्थानिक संस्था कर 1 ऑगस्ट 2015 पासून बहुसंख्य व्यापाऱ्यांसाठी बंद झाला. 1 जुलै 2017 रोजी जीएसटी आल्यावर महापालिकांची मोठी भिस्त राज्याच्या भरपाई अनुदानावर आली. शहराच्या स्वतःच्या हातात राहिलेला मुख्य कर आता मालमत्ता कर हाच आहे. तो नीट वसूल होत नाही तेव्हा अकोला-अमरावतीसारख्या शहरांना नाली, रस्ता आणि दिवाबत्तीसाठीही मुंबईच्या निर्णयाकडे डोळे लावून बसावे लागते. माझे म्हणणे असे की, तंत्रज्ञानाने कर बसवणाऱ्याची नजर वाढवली आहे. कर भरणाऱ्याची नजर तितकीच वाढल्याशिवाय वसुली वाढली तरी टिकणार नाही.

पुरावा शोधायला लांब जाण्याची गरज नाही. अकोला महापालिका 1 ऑक्टोबर 2001 रोजी स्थापन झाली. त्यानंतर सुमारे सोळा वर्षे येथील कराचे दर सुधारलेच गेले नाहीत. या काळात शहर वाढले, एकमजली घरांचे तीन मजले झाले, घरांच्या दर्शनी खोल्यांत दुकाने आली आणि 2016 च्या हद्दवाढीत भोवतालची चोवीस गावे शहरात आली. मग जीआयएस (भौगोलिक माहिती प्रणाली) सर्वेक्षण झाले, 2017 मध्ये फेरआकारणी झाली आणि सोळा वर्षांचा भार एकदम नागरिकांच्या अंगावर आला. साहजिकच मोर्चे निघाले आणि प्रकरण न्यायालयात गेले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2019 मध्ये ही करवाढ रद्द केली. पुढे सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवून महापालिकेचा अधिकार मान्य केला. कायद्याचा प्रश्न तेथे सुटला, पण विश्वासाचा प्रश्न न्यायालय सोडवू शकत नाही. मोजणी आधुनिक होती. मात्र आपल्या घराचे क्षेत्रफळ किती धरले, वापर निवासी की व्यावसायिक धरला, वार्षिक भाडेमूल्य कोणत्या दराने काढले, हे सामान्य घरमालकाला घरबसल्या, समजेल अशा भाषेत पाहता येत नव्हते. त्याच्या हाती पडला तो फक्त बिलाचा आकडा.

ही उणीव एकट्या अकोल्याची नाही. केंद्राच्या 2016-17 च्या आर्थिक पाहणीने उपग्रहचित्रांच्या आधारे दाखवून दिले होते की, बंगळुरू आणि जयपूर ही शहरे मिळू शकणाऱ्या मालमत्ता कराच्या पाच ते वीस टक्क्यांपलीकडे वसुली करत नाहीत. घानामधील एका मोठ्या नगरपालिकेत अर्थशास्त्रज्ञांनी काही वसुली कर्मचाऱ्यांना नकाशासह टॅबलेट दिले आणि काहींना नेहमीच्या पद्धतीनेच काम करू दिले. टॅबलेटवाल्यांनी 27 टक्के अधिक बिले पोहोचवली आणि 103 टक्के अधिक रक्कम जमा केली. हा आकडा उत्साह वाढवणारा आहे, पण त्याच अभ्यासातील दुसरा निष्कर्ष आपण विसरता कामा नये. वाढलेली वसुली मुख्यतः अशा घरांतून आली, जी पैसे देऊ शकत होती आणि द्यायला राजीही होती. यंत्राने कर्मचाऱ्याचा वेळ वाचवला आणि तो वेळ सरळ माणसाच्या दारापर्यंत लवकर पोहोचण्यात गेला. बड्या थकबाकीदारापर्यंत पोहोचायला नकाशा पुरत नाही. त्याला प्रशासनाचा निर्धार लागतो आणि तो निर्धार टिकवायला जागरूक नागरिक लागतात.

यावर पहिला आक्षेप असा की, डिजिटल आकारणीचा बोजा शेवटी गरिबावरच पडतो. आकारणी कशी आखली यावर ते अवलंबून आहे. सिएरा लिओनची राजधानी फ्रीटाउन येथे उपग्रहचित्रांवरून इमारती शोधून, छप्पर, बांधकाम, रस्ता अशा बाहेरून दिसणाऱ्या गोष्टींना गुण देऊन कर ठरवला गेला. वरच्या पाचव्या हिश्श्यातील मालमत्तांचा कर सरासरी तिपटीहून अधिक वाढला आणि तळच्या पाचव्या हिश्श्याचा जवळपास निम्म्यावर आला. दुसरा आक्षेप चुकांचा. गोठ्याला घर आणि रिकाम्या खोलीला दुकान समजले जाते, हे खरे आहे. पण चुका हस्तलिखित नोंदवहीतही होत्या. तेथे त्या फक्त दिसत नव्हत्या. म्हणून हरकत ऑनलाइन आणि खिडकीवर दोन्हीकडे घेतली गेली पाहिजे, तिची पोच मिळाली पाहिजे आणि ठरलेल्या मुदतीत सुनावणी झाली पाहिजे. ज्या आजीबाईंकडे स्मार्टफोन नाही, त्यांचा हक्क त्यामुळे कमी होत नाही. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: नाली तुंबलेली असताना कर कशाला भरायचा? तो मला मान्य आहे, आणि माझ्या मांडणीचा पायाही तोच आहे. ज्या प्रणालीवर माझी थकबाकी रुपयापर्यंत दिसते, त्याच प्रणालीवर माझ्या प्रभागातून जमा झालेली रक्कम आणि त्याच प्रभागात झालेला खर्चही रुपयापर्यंत दिसायला हवा.

अभय योजनांबद्दलही स्पष्ट बोलले पाहिजे. कायद्याप्रमाणे थकबाकीवर दरमहा दोन टक्के शास्ती लागते. ती साचते, डोईजड होते आणि मग अभय योजनेत माफ होते. वेळेवर भरणारा प्रत्येक वेळी मागे राहतो आणि थांबणारा शहाणा ठरतो. ज्या कुटुंबाला सहामाही रक्कम एकदम जड जाते, त्याला दरमहा छोटा हप्ता मोबाइलवरून भरण्याची सोय देणे आज अवघड नाही. शास्ती साचू न देणे हे ती माफ करण्यापेक्षा न्याय्य आहे. दरांचेही तसेच आहे. नोंदी अद्ययावत असतील, तर सोळा वर्षांनी एकदा धक्का देण्याऐवजी ठरलेल्या काळाने थोडी सुधारणा करता येते. पंधराव्या वित्त आयोगाने शहरांच्या अनुदानाला मालमत्ता कराचे किमान दर आणि वसुलीतील वाढ यांची अट जोडली, त्यामागेही हेच तत्त्व होते. खेड्यांतही हा प्रश्न दारात आला आहे. 2020 मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणे मोजली जात आहेत. उद्या ग्रामपंचायतीच्या नमुना 8 मधील कर-आकारणीच्या नोंदी त्या मोजणीशी जुळवल्या जातील, तेव्हा अकोल्याची चूक गावोगावी होऊ देऊ नये.

म्हणून या संमेलनाने तीन मागण्यांचा ठराव करावा, असे मी सुचवतो. प्रत्येक मालमत्तेच्या आकारणीचे पूर्ण गणित मराठीत, बिलासोबत आणि संकेतस्थळावर द्यावे. प्रत्येक हरकतीचा निर्णय कारणांसह लेखी द्यावा. प्रभागनिहाय जमा-खर्च आणि बड्या थकबाकीची रक्कम दर सहामाहीला जाहीर करावी. यांतील एकाही मागणीसाठी नवे यंत्र लागत नाही. वसुलीसाठी जमवलेली माहिती नागरिकापुढे खुली करण्याची तयारी तेवढी लागते. आपण करसल्लागार आहोत. अशिलाचा कर कमी करून देण्याइतकेच, त्याला तो का भरायचा आहे हे समजावणे आणि महापालिकेला त्याचा हिशेब मागणे, हेही आपल्या व्यवसायाचे कर्तव्य आहे. हे कर्तव्य वऱ्हाडातील करसल्लागारांनी आधी उचलावे, अशी विनंती करून मी माझे भाषण पूर्ण करतो.